स्पोर्ट्स कारमधला एसी: सोळा किलोंचा हिशोब

जुनी माझदा एमएक्स-५, होंडा इंटेग्रा किंवा पोर्शे ९११ हाती आली आणि ती ट्रॅकवर पळवायचं मनात आलं, की गाडीतून काय काय काढता येईल याची यादी सुरू होते. स्टेपनी, गालिचे, म्युझिक सिस्टिम यांच्या पाठोपाठ एसीचा नंबर लागतो. कारण उघड आहे. हलकी गाडी लवकर वेग पकडते, लवकर थांबते, वळणावर टायरला कमी ओढते. आणि एसी म्हणजे गाडी पळवायला काडीचीही मदत न करणारं ओझं. हा युक्तिवाद गेली कित्येक वर्षं जवळपास याच शब्दांत मांडला जातो आणि नामांकित कंपन्यांच्या खास आवृत्त्यांचा दाखला त्याला जोडला जातो. पण तो नेहमी यंत्राच्या बाजूने मांडला जातो. स्टिअरिंगमागे बसलेला माणूस त्या हिशोबात धरलेलाच नसतो. तो धरला, तर रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमधून चालू स्थितीतला एसी काढणं हा तोट्याचा व्यवहार ठरतो, असं माझं मत आहे. निव्वळ ट्रॅकसाठी राखलेली गाडी आणि एसी केव्हाच बंद पडलेली जुनी गाडी हे दोन अपवाद मी मानतो, पण त्यांच्याही अटी आहेत.

आधी नेमकं काय काढलं जातं ते पाहू. १९८९ साली आलेली पहिल्या पिढीची एमएक्स-५ घ्या. हिच्यात एसी हा ऐच्छिक भाग होता, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या गाड्या कारखान्यातूनच बाहेर पडल्या आणि तुलना सोपी झाली. इंजिनाला ब्रॅकेटने जोडलेला कॉम्प्रेसर, नाकाशी रेडिएटरच्या पुढे उभा असलेला कंडेन्सर, त्याच्यासाठी दिलेला दुसरा पंखा, ड्रायर, ॲल्युमिनियमचे पाइप, जाड रबरी होज आणि डॅशबोर्डच्या मागे ब्लोअर व हीटर यांच्या मधोमध बसलेला कूलिंग कॉइलचा डबा, असा हा संसार आहे. तो उचलला की काही जागा भराव्या लागतात. पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि कॉम्प्रेसर एकाच पट्ट्यावर फिरतात, म्हणून आखूड पट्टा आणावा लागतो. कॉइलचा डबा निघाल्यावर ब्लोअर आणि हीटर यांच्यात रिकामी जागा उरते. तिथे बिनएसीच्या गाडीतला साधा डक्ट बसवला नाही तर हवा समोरच्या काचेपर्यंत पोचतच नाही. पाइप जिथून केबिनमध्ये शिरत होते ती फायरवॉलमधली भोकं बुजवली नाहीत, तर इंजिनाचा आवाज, वास आणि पावसाचं पाणी आत येतं. एवढं सगळं करून ढोबळमानाने पंधरा ते वीस किलो वजन कमी होतं. पुढच्या हिशोबासाठी सोळा किलो धरू.

या एमएक्स-५ चं वजन साधारण साडेनऊशे किलो आणि चालक धरून हजाराच्या थोडं पुढे. सोळा किलो म्हणजे त्यातला दीड टक्का. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला अशा गाडीला नऊ सेकंदांच्या आसपास लागतात. दीड टक्का वजन घटल्याने फरक पडतो तो सेकंदाच्या एक-दोन दशांशांचा. आधुनिक ९११ सारख्या चौदाशे किलोच्या आणि कैकपट ताकदीच्या गाडीत तो शतांशांवर येतो. आता हेच सोळा किलो दुसऱ्या बाजूने पाहा. एमएक्स-५ ची पेट्रोल टाकी ४५ लिटरची. लिटरला सुमारे पाऊण किलो धरलं, तर भरलेली टाकी आणि अर्धी टाकी यांतला फरक साधारण तेवढाच येतो. म्हणजे ट्रॅकवर अर्ध्या टाकीने उतरणाऱ्याने एकही बोल्ट न सोडता एसीएवढं वजन कमी केलेलं असतं. पोर्शेने २००९ साली जीटी३ साठी लिथियम-आयन बॅटरी ऐच्छिक म्हणून दिली. ती सहा किलोंची होती आणि नेहमीच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून अधिक हलकी होती. हलकी चाकं, हलकी सीट, हलका एक्झॉस्ट यांतूनही तेवढंच वजन जातं आणि यातला कुठलाच बदल चालकाकडून काही हिरावून घेत नाही. चाकांचं वजन तर स्प्रिंगच्या खालचं आणि फिरतं, म्हणून तिथला एक किलो एसीतल्या एका किलोपेक्षा जास्त मोलाचा. तेव्हा वजन कमी करावं का, हा वादाचा मुद्दा नाहीच. ते कुठून आणि कोणत्या क्रमाने कमी करावं, हा खरा मुद्दा आहे, आणि त्या क्रमात एसी बराच खाली येतो.

दुसरा मुद्दा ताकदीचा. एसी इंजिनाचा जीव खातो, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे आणि तिला अनुभवाचा आधार आहे. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन चाळिशीच्या आतबाहेर अश्वशक्ती देणारं. त्यातले तीन-चार अश्व कॉम्प्रेसरने घेतले की दहावा हिस्सा गेला, आणि तो पायाखाली जाणवायचा. खंडाळ्याचा किंवा कशेडीचा घाट चढताना एसी बंद करणारी पिढी चुकीचं काही करत नव्हती. पण तोच तीन-चार अश्वांचा खर्च तीनशे अश्वशक्तीच्या स्पोर्ट्स कारमध्ये टक्काभर उरतो. त्यातही बहुतेक गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचा संगणक स्वतःच कॉम्प्रेसरचा क्लच सोडवतो. जिथे ताकदीचा शेवटचा थेंब हवा असतो, नेमक्या त्याच क्षणी कॉम्प्रेसर काही मागत नाही. एरवीही डॅशबोर्डवरचं बटण आहेच. बंद केलेला एसी ताकद घेत नाही. उरतं ते वजन, आणि त्याचा हिशोब वर झाला.

मग मोठ्या कंपन्यांनी एसी काढला तो का? होंडाने १९९२ च्या एनएसएक्स-आर मधून एसी, म्युझिक सिस्टिम, आवाज रोखणारे थर असं पुष्कळ काही काढून गाडी सुमारे १२० किलोंनी हलकी केली. बीएमडब्ल्यूच्या २००३ च्या एम३ सीएसएलचं वजन १३८५ किलोंवर आणताना एसी आणि रेडिओ गेले. पोर्शेने २०१० चा बॉक्स्टर स्पायडर, त्यानंतरची केमन आर आणि २०१६ ची ९११ आर यांतही तेच केलं. शेवरोलेच्या २०१४ च्या कॅमेरो झेड/२८ मध्ये एसी मुळात नव्हता आणि स्पीकर एकच ठेवला होता, तोही सीट बेल्टची सूचना वाजवणं कायद्याने भाग होतं म्हणून. ही यादी भारदस्त आहे, पण ती नीट वाचायला हवी. एनएसएक्स-आरच्या १२० किलोंमध्ये एसीचा वाटा छोटाच. बाकीचं वजन सीट, चाकं, बंपर आणि थर यांतून गेलं. सीएसएलची खरी बचत कार्बन फायबरचं छत, हलक्या सीट, पातळ काच अशा ठिकाणी झाली. शिवाय या गाड्यांमध्ये मागणी केली तर एसी पुन्हा बसवून मिळायचा; बॉक्स्टर स्पायडरच्या ग्राहकाला तर त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत. कॅमेरोमध्येही ती सोय किंमत देऊन घेता यायची. एसीशिवाय गाडी विकणाऱ्या कंपनीनेच तो परत मिळवायची वाट खुली ठेवली, कारण या गाड्या ट्रॅकपर्यंत रस्त्यानेच चालवत नेल्या जाणार हे तिला ठाऊक होतं. एसी नसणं हे या आवृत्त्यांच्या निष्ठेचं चिन्ह होतं. त्यांचा वेग त्यातून आला नव्हता.

या यादीच्या समोर दुसरी यादी ठेवावी लागते आणि माझ्या लेखी तीच निर्णायक आहे. १९८७ ची फेरारी एफ४० ही रस्त्यावरच्या गाडीला किती सोलता येईल याची कमाल मानली जाते. गालिचे नाहीत, दारांना आतून कातडं नाही, दार उघडायला हँडलऐवजी ओढायची तार, म्युझिक सिस्टिम नाही, सुरुवातीच्या गाड्यांना प्लॅस्टिकच्या सरकत्या काचा. या गाडीत एसी मात्र होता. पाठीमागे दोन टर्बो असलेलं तापलेलं इंजिन आणि जेमतेम उघडणाऱ्या काचा, अशा केबिनमध्ये एसीशिवाय माणूस गाडी चालवू शकेल, पण नीट चालवू शकणार नाही, हे फेरारीने ओळखलं. गॉर्डन मरेने आखलेली मॅक्लारेन एफ१ तर वजनाच्या ध्यासातूनच जन्मली. तिच्यासोबत येणारी हत्यारंही टायटॅनियमची होती आणि सीडी प्लेयर बनवणाऱ्या कंपनीलाही वजन घटवायला लावलं होतं. ११३८ किलोंच्या त्या गाडीत एसी होता. ग्रॅम-ग्रॅमसाठी झगडणाऱ्या माणसाने ही यंत्रणा ठेवली, ती चैनीखातर नव्हे. त्याच्या हिशोबात चालक हा गाडीचाच भाग होता.

चालकाच्या शरीराकडे पाहिलं की हे का पटतं ते समजतं. उन्हात उभ्या गाडीचं केबिन बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. चालत्या स्पोर्ट्स कारमध्ये त्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्झॉस्ट यांची उष्णता मिसळते. घाम जातो, हृदयाचे ठोके वाढतात, लक्ष विचलित होतं, प्रतिक्रिया मंदावते. ८ ऑक्टोबर २०२३ ला कतारच्या लुसैल ट्रॅकवर झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतीत हे साऱ्या जगाने पाहिलं. लोगन सार्जंटने तब्येत बिघडल्याने शर्यत सोडली, एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, लान्स स्ट्रोलला डोळ्यांपुढे अंधारी येत होती. हे वर्षभर मानेचे आणि हृदयाचे व्यायाम करणारे, उष्णतेची तयारी करून येणारे तरुण खेळाडू होते. त्यानंतर या शर्यतींची नियामक संस्था असलेल्या एफआयएने नियम बदलला. २०२५ पासून उष्णता निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असला की ‘हीट हॅझर्ड’ जाहीर होतो, गाडीत चालकाला थंड ठेवणारी यंत्रणा बसवावी लागते आणि तिच्यासाठी गाडीचं किमान वजन पाच किलोंनी वाढवलं जातं. ज्या खेळात एकेका किलोसाठी रंगसुद्धा खरवडला जातो, तिथे हे घडलं. ल मान्सच्या आयोजकांनी बंद कॉकपिटच्या गाड्यांसाठी आतल्या तापमानाचा नियम त्याच्याही कितीतरी आधी केला होता.

यावर एक आक्षेप योग्य आहे: हे नियमाने झालं, संघांनी आपणहून केलं नाही. सगळ्यांवर सारखंच वजन येत असल्याने कुणाचं नुकसान झालं नाही. हे खरं आहे, आणि त्यातून मला वेगळंच दिसतं. ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं तर प्रत्येक जण वजन वाचवतो आणि शरीराला गृहीत धरतो, कारण वजन काट्यावर दिसतं आणि मंदावलेलं लक्ष कुठल्याच काट्यावर दिसत नाही. म्हणून नियम करावा लागला. आपल्या देशात २०२५ पासून नव्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, त्यामागेही हाच विचार आहे. तिथे चैनीचा प्रश्न नव्हता. आठ-दहा तास तापलेल्या केबिनमध्ये बसलेला माणूस स्वतःला आणि इतरांना धोका ठरतो, हे मान्य झालं. स्पोर्ट्स कार त्या ट्रकच्या शेजारून त्याच रस्त्यावर, त्याहून जास्त वेगाने धावते.

पावसाचा मुद्दा यात फार कमी वेळा येतो, म्हणून तो ठासून मांडतो. एसी हवा थंड करतो तशी कोरडीही करतो. कूलिंग कॉइलवर बाष्पाचं पाणी होऊन ते गाडीखाली ठिबकतं आणि काचेवर सोडलेली हवा काचेवरची वाफ पुसून टाकते. म्हणूनच काच साफ करायचं बटण दाबलं की बऱ्याच गाड्यांमध्ये कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो, बाहेर गारवा असला तरी. जुलैमध्ये आंबोलीच्या किंवा वरंध घाटात धुकं आणि पाऊस एकत्र असताना एसी नसलेल्या गाडीची काच मिनिटभरात धुरकटते. काच खाली करावी तर पाऊस आत, फडक्याने पुसावं तर एक हात स्टिअरिंगवरून जातो. जपान आणि इंग्लंडच्या ओल्या हवेतही तीच गत. ज्या गाडीचा सगळा आनंद वळणाच्या पुढचं नेमकं दिसण्यावर उभा आहे, तिच्यात हे फार महाग पडतं.

उरलेल्या आक्षेपांपैकी रेडिएटरचा सर्वांत दमदार आहे. कंडेन्सर रेडिएटरच्या समोर असतो. एसी बंद असला तरी त्याच्या जाळीतून जाताना हवेचा जोर कमी होतो. भर उन्हात ट्रॅकवर सलग वीस मिनिटं पळणाऱ्या गाडीचा तापमानाचा काटा चढू लागला, तर कंडेन्सर काढल्याने खरोखर फरक पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आधी करण्यासारखं बरंच काही आहे. नाकातून शिरलेली हवा रेडिएटरच्या कडेने निसटून जाऊ नये म्हणून फटी फोमने बंद करणं, जाड गाभ्याचा रेडिएटर लावणं, शीतक बदलणं, पंखे नीट चालतात का ते तपासणं. एमएक्स-५ मध्ये एसीचा म्हणून दिलेला पंखा इंजिन थंड ठेवण्यासाठीही वापरता येतो. एवढं करूनही गाडी तापत असेल आणि ती फक्त ट्रॅकवरच जात असेल, तर कंडेन्सर जावा. टर्बो बसवायला जागा हवी म्हणून कॉम्प्रेसर काढणाऱ्यांचा युक्तिवादही याच वर्गातला: गाडीचं प्रयोजन बदललं तर तो योग्य, नाहीतर नाही. दुसरा आक्षेप भावनेचा आहे: स्पोर्ट्स कार साधी, उघडीवाघडी, थोडी कष्टाची असावी, त्यातच तिची मजा. या भावनेचा मी आदर करतो. १९९६ ची लोटस एलिस एसीशिवायच आली आणि ती अप्रतिम गाडी होती. पण तिचं सव्वासातशे किलोंचं वजन ॲल्युमिनियमच्या चिकटवलेल्या चॅसिसमधून आलं होतं. तो साधेपणा पहिल्या रेघेपासून आखलेला होता. साडेतेराशे किलोंच्या गाडीतून सोळा किलो उचलून तो मिळत नाही.

आणि वाऱ्याची दिशाही बदलते आहे. २०१७ साली डॉजने आणलेल्या चॅलेंजर एसआरटी डेमनमध्ये एसीचा गॅस केबिनकडून वळवून सुपरचार्जरची हवा थंड करण्यासाठी वापरला गेला. थंड हवा दाट असते, तिच्यासोबत जास्त इंधन जळतं, ताकद वाढते. म्हणजे ड्रॅगस्ट्रिपसाठी बनवलेल्या आठशे अश्वशक्तीच्या गाडीत एसी हा ताकद देणारा भाग झाला. त्याच्याही आधी, २००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये बॅटरीला थंड ठेवणाऱ्या द्रवाची उष्णता एसीचाच गॅस ओढून घेत होता. पोर्शे टायकानसारख्या आजच्या विजेच्या गाड्यांतही तेच तत्त्व आहे. अशा गाडीतून एसी काढणं म्हणजे बॅटरीच निकामी करणं.

त्यामुळे हा प्रश्न मुख्यतः पेट्रोलवरच्या जुन्या गाड्यांपुरता उरतो, आणि त्यांत एसी काढणं रास्त ठरावं अशी गाडी म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतली हवेने थंड होणारी ९११. तिच्यात कॉम्प्रेसर मागे इंजिनावर, कूलिंग कॉइल पुढे आणि त्यांच्यामध्ये गाडीच्या लांबीएवढे होज. एक कंडेन्सर थेट इंजिनाच्या झाकणाखाली, म्हणजे इंजिनाला थंड करणारी हवा आधी त्यातून तापून येणार. जड, मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेली, जागोजागी झिरपणारी आणि इतकं करून धड थंडावा न देणारी ही यंत्रणा वर्षानुवर्षं बंद पडलेली असेल, तर ती वागवत फिरण्यात काही शहाणपण नाही. इथे चालकाचं काहीच जात नाही, कारण त्याला काही मिळतच नव्हतं. मात्र काढण्याआधी गॅसचा विचार करायलाच हवा. त्या काळच्या गाड्यांमध्ये आर-१२ होता, ओझोनचा थर पोखरणारा. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ साली ज्या रसायनांचा धोका दाखवला आणि १९८७ च्या माँट्रियल करारात ज्यांच्यावर निर्बंध आले, त्यांपैकीच हा एक. त्याचा एक किलो हवेत सोडणं म्हणजे तापमानवाढीच्या मापात दहा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडणं. नव्वदच्या दशकानंतरच्या आर-१३४ए ने ओझोन वाचवला, पण त्याचाही तापमानवाढीचा आकडा १४३० आहे. अर्धा किलो गॅस उडाला तर साध्या पेट्रोल गाडीच्या चार हजारांहून अधिक किलोमीटरच्या धुराएवढी भर पडते. युरोपने २०१७ पासून नव्या गाड्यांत तो बंद केला. पाइपाचा नट सैल करून गॅस फुस्स करून सोडून देण्याची रीत आपल्या कित्येक गॅरेजांत अजून दिसते. ते काम रिकव्हरी मशीन असलेल्या ठिकाणीच करून घ्यावं. मग पाइपांची तोंडं लगेच टोपणांनी बंद करावीत, म्हणजे आत दमट हवा जाऊन कॉम्प्रेसर गंजणार नाही. ब्रॅकेट, बोल्ट, मूळ पट्टा आणि कॉइलचा डबा खुणा करून एका खोक्यात ठेवावेत. मूळ वायरिंग कापू नये, फक्त सॉकेट सोडवून बांधून ठेवावं. गाडी विकायची वेळ आली तर ते खोकं गाडीबरोबर द्यावं.